अंजिराचे झाड वाळलेले नाही, झोपलेले आहे

फेब्रुवारी-मार्चमध्ये यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचे जंगल लागते. झाडावर पान नाही, खाली वाळक्या पानांचा खच आणि वर नुसत्या करड्या काड्या. एसटीतला एकही प्रवासी ते पाहून ‘जंगल मेले’ असे म्हणत नाही. मृगाचा पाऊस पडला की साग पुन्हा हिरवा होणार, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. अंगणातल्या अंजिराच्या वाट्याला मात्र हा विश्वास येत नाही. जानेवारीत त्याची पाने गळाली की घरात कुजबुज सुरू होते आणि महिनाभरात कोणीतरी कुदळ काढतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात अंजिराची रोपे पुष्कळ घरांत लागली. कुरआन शरीफच्या ९५ व्या सूरहचे नावच ‘अत्-तीन’, म्हणजे अंजीर. त्यामुळे या झाडाबद्दल मुस्लिम घरांत एक वेगळी आपुलकी असते. रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने रोप आणले जाते, बिस्मिल्लाह म्हणून लावले जाते. पण लावलेल्या रोपांपैकी तिसरा हिवाळा पाहणारी रोपे थोडीच. मी जी गेलेली झाडे जवळून पाहिली, त्यांपैकी थंडीने मेलेले एकही नव्हते. आपल्याकडची थंडी ती काय! काही झाडे मेली समजून उपटली गेली. बाकीची झोपेत असताना पाणी पाजून पाजून मारली गेली.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या भाभींचा मुलगा कुदळ घेऊन उभा होता. म्हणाला, “आपा, ये तो मर गया, निकाल देते. इसकी जगह लिंबू लगाएँगे.” मी त्याला एका काडीची साल नखाने जराशी खरवडायला सांगितली. आत गर्द हिरवी रेघ दिसली आणि चिकाचा एक पांढरा थेंब वर आला. मग शेंड्याचे टोक दाखवले. तिथे भाल्याच्या पात्यासारखा एक टोकदार डोळा घट्ट मिटून बसला होता. मुलगा काही बोलला नाही, पण कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. तपासणी एवढीच आहे, तिला अर्धा मिनिट लागतो. साल खरवडल्यावर आत तपकिरी आणि कोरडे निघाले, काडी वाकवल्यावर कट्कन मोडली, तर ती काडी गेली. तरीही झाड गेले असे नाही. तशीच तपासणी खोडाच्या बुडाशी करावी. बुडाशी हिरवे असेल तर वरचे सगळे वाळले तरी अंजीर मुळापासून फुटू शकते. म्हणून पहिला पाऊस पडून महिना होईपर्यंत कोणत्याही अंजिराला कुदळ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे झाड असे का वागते, ते त्याच्या गावावरून कळते. अंजीर हा आपल्या उंबर, वड, पिंपळ यांचा भाऊबंद आहे. तोच पांढरा चीक आणि तशीच फळाच्या पोटात लपलेली फुले. पण त्याचे मूळ घर पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचा मुलूख. तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि हिवाळा गार. दिवस लहान झाले, गारठा वाढला की अंजीर पानातला कस काढून खोडात आणि मुळांत साठवते, पाने टाकून देते आणि डोळे मिटून घेते. आंबा-पेरूला ही सवय नाही. सफरचंदाला आहे, पण त्याला थंडी एवढी लागते की यवतमाळात त्याची नेहमीच्या जातींची झोपच पुरी होत नाही. अंजिराला मात्र अगदी थोडी थंडी पुरते. म्हणूनच ते काश्मीरकडेही जगते आणि आपल्याकडेही.

एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्ण झोपलेले, काडी पक्की झालेले अंजीर शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंतची थंडी साधारणपणे सोसते. तेच झाड जागे होऊन कोवळे कोंब फुटलेले असतील, तर पारा शून्याच्या जरासा खाली गेला तरी कोंब काळे पडतात. तेव्हा या झाडाला खरा धोका थंडीपेक्षा अवेळी जागे होण्याचा आहे. थंड देशांतल्या लोकांनी अंजीर सांभाळण्याची जी काही विद्या जमवली, ती सगळी या एका गोष्टीभोवती फिरते.

इंग्लंडात ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात एक जुने अंजीर आहे. १६४० च्या दशकात ते एडवर्ड पोकॉक यांनी लावले, असे सांगितले जाते. पोकॉक आधी सीरियातल्या हलब, म्हणजे अलेप्पो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांचे पाद्री होते. तिथे ते अरबी शिकले आणि १६३६ साली ऑक्सफर्डला अरबीचे पहिले प्राध्यापक झाले. अरबी हस्तलिखितांच्या जोडीने त्यांनी हलबचे अंजीरही नेले. हलबचे झाड ऑक्सफर्डच्या धुक्यात आणि बर्फात पावणेचारशे वर्षे टिकले, हे मुलांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. इंग्रजांनी त्यासाठी फारसे काही केलेही नाही. ते अंजीर दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीला लगटून लावतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देते.

अमेरिकेत आणि कॅनडात भिंतीने भागत नाही. टोरंटोत हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इटलीतून तिकडे गेलेल्या गरीब मजुरांनी सामानात अंजिराच्या काड्या नेल्या होत्या. त्यांनी एक अजब युक्ती चालवली. झाडाला ते सरळ दफन करतात. पाने गळाली की नोव्हेंबरात झाडाच्या एका बाजूची मुळे फावड्याने तोडायची, दुसऱ्या बाजूला लांब चर खणायचा, फांद्या दोरीने आवळून अख्खे झाड हळूहळू त्या चरात आडवे करायचे. वर गोणपाट, फळ्या, वाळका पाला आणि शेवटी माती. एप्रिलमध्ये माती काढून झाड पुन्हा उभे करायचे. ज्यांना एवढी मेहनत होत नाही, ते झाडाला जुन्या सतरंज्या आणि गोणपाट गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घालतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या इटालियन वस्त्यांत हिवाळ्यात अशी बादलीवाली गाठोडी परसात उभी दिसत. आता ही माणसे म्हातारी झाली आणि बादल्याही कमी झाल्या.

माझी मामेबहीण लग्नानंतर टोरंटोजवळ राहायला गेली. तिच्याकडे अंजीर कुंडीत आहे. ऑक्टोबर सरता सरता एक-दोन वेळा हलका गारठा ती झाडाला मुद्दाम लागू देते, म्हणजे पाने गळतात. मग कुंडी गॅरेजमध्ये जाते. तिथे शेगडी-हीटर नाही. पारा शून्याच्या थोडा वर, सात-आठ अंशांच्या आत राहतो. उजेड नसला तरी चालतो, कारण पानच नाही. महिन्यातून एकदा पेलाभर पाणी, माती अगदी भुकटी होऊ नये इतकेच. खत अजिबात नाही. तिचा फोन आला की तिच्या अंजिराची तब्येत मी पोरांच्या आधी विचारते, अशी तिची तक्रार आहे!

तिथला कठीण काळ फेब्रुवारी-मार्चचा. दुपारी ऊन पडते, गॅरेज जरा तापते आणि डोळे फुगू लागतात. माणसालाही हिवाळ्याचा कंटाळा आलेला असतो. वाटते, झाड खिडकीत आणावे, भरपूर पाणी द्यावे. नेमके तेच करायचे नसते. तिच्या गल्लीतल्या एका इटालियन आजोबांनी तिला पहिल्याच वर्षी बजावले होते की शेवटचे हिम पडून गेल्याशिवाय झाडाला उठवू नकोस. टोरंटोकडे तो दिवस मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. तोवर डोळे फुगले तर कुंडी आणखी गार कोपऱ्यात सरकवायची. अंधारात फिकट कोंब निघालेच, तर झाड एकदम उन्हात ठेवायचे नाही. आधी दोन-चार दिवस सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, रात्री पुन्हा आत. आठ-दहा दिवसांनी ते बाहेर कायमचे राहू शकते. अंधारातून आलेले पान आणि थेट ऊन यांचे जमत नाही, पान भाजून पांढरे पडते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका म्हणजे अंजिराचे माहेर. सासवड, दिवे घाटाच्या वरचा तो हलक्या, मुरमाड जमिनीचा, बेताच्या पावसाचा भाग. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे बर्फ नाही, मग झाड झोपते कसे? शेतकरी त्याला पाण्याच्या हिशेबाने झोपवतो. पाऊस ओसरता ओसरता झाडाला पाणी मिळू द्यायचे नाही. याला ते ‘ताण देणे’ म्हणतात. जुनी पाने गळतात, झाड विश्रांती घेते. त्या विश्रांतीतच छाटणी होते. मग आळे खणून शेणखत भरायचे आणि पाणी सोडायचे. डोळे फुटतात, नव्या फुटीबरोबर फळे धरतात आणि चार-साडेचार महिन्यांत तोडणीला येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उठवलेल्या झाडाची फळे फेब्रुवारीपासून मेपर्यंत मिळतात. हा ‘मीठा बहार’. पावसाच्या तोंडावर येणारी फळे फुटतात, आंबूस लागतात, म्हणून त्याला जुन्या लोकांनी ‘खट्टा बहार’ असे नाव दिले. पुरंदरचे कष्टाळू शेतकरी आता छाटणीची वेळ पुढेमागे करून दुसरा बहार हिवाळ्यातही आणतात, ती गोष्ट वेगळी.

उर्दू शिकवणारीला इथे थोडे थांबावेसे वाटते. ‘बहार’ म्हणजे फारसीत आणि उर्दूत वसंत ऋतू. मराठी शेतकऱ्याने हा शब्द घेतला आणि ‘बहार धरणे’ असे त्याचे क्रियापद केले. वसंत येण्याची वाट पाहणे हे टोरंटोच्या माणसाच्या नशिबी आहे. पुरंदरचा माणूस वसंत धरतो, तोही ऑक्टोबरात!

तिथली आणखी एक युक्ती घरच्या झाडालाही उपयोगी पडते. लांब फांदीवर फक्त शेंड्याचा डोळा फुटतो आणि खालचे डोळे झोपूनच राहतात. अशा झोपलेल्या डोळ्याच्या थोडे वर, सालीत चाकूने एक छोटी आडवी खाच पाडतात. शेंडा खालच्या डोळ्यांना ‘फुटू नका’ असा निरोप सालीतून पाठवत असतो. खाच पडली की निरोप तिथेच अडतो आणि डोळा जागा होतो. खाच सालीपुरतीच हवी, आतले लाकूड कापायचे नाही. डोळे फोडण्यासाठी बागायतदार, विशेषतः द्राक्षवाले, हायड्रोजन सायनामाइड नावाचे रसायनही वापरतात. ते विषारी आहे. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. चार फळांसाठी अंगणात असली बाटली आणू नये.

आपल्या जिल्ह्याची अडचण पुरंदरहून वेगळी आहे. आपली जमीन काळी, कपाशीची. ती पाणी धरून ठेवते. आणि घरोघरी एक गोष्ट हमखास दिसते. अंजीर वजूच्या जागेजवळ लावलेले असते, म्हणजे पाणी वाया जाऊ नये. विचार चांगला आहे, उन्हाळ्यात तर उत्तमच. पण हिवाळ्यात झाडावर एक पान नाही, पाणी उडून जायला वाट नाही आणि दिवसातून पाच वेळा घरातल्या सहा-सात माणसांचे पाणी मुळाशी जाते आहे. काळ्या मातीत मुळे हवेविना कुजतात. फेब्रुवारीत डोळे फुगतात, दोन पाने निघतात आणि मग सगळे मान टाकते. घरातले म्हणतात, “उन्हाने मेले, अजून पाणी द्यायला हवे होते.” माझा सल्ला असा की पाने गळू लागली की त्या पाण्याचा पाट केळीकडे किंवा अळूकडे वळवावा. नवीन झाड लावणार असाल तर खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळावा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावावे.

यवतमाळात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. पाणी तोडलेले झाड एवढ्यावर पाने टाकून झोपते. त्याला गुंडाळायची, झाकायची काही गरज नाही. फक्त वर्षभराच्या आतले कोवळे रोप असेल तर खोडाभोवती वाळक्या पाल्याचा थर द्यावा आणि तो खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते.

मग उठवायचे कधी? फळ हवे असेल तर पुरंदरचाच पाठ गिरवावा. पावसाळ्यात आपल्याकडे पानांवर तांबेरा पडतो, मागच्या बाजूने गंजाची भुकटी दिसते आणि तशीही पाने गळतात. ती पाने गोळा करून जाळावीत. पाऊस थांबला की पंधरा-वीस दिवस पाणी देऊ नये, ऑक्टोबरात हलकी छाटणी करून पाणी सुरू करावे. असे जागे झालेले झाड हिवाळ्यात पानांनिशी उभे राहते, त्याला बेताचे पाणी द्यावे लागते. फळे फेब्रुवारी-मार्चपासून पिकतात. सध्या रमजान त्याच सुमारास येतो आहे, तेव्हा इफ्तारला घरचे ताजे अंजीर मिळू शकते. दस्तरखानावर अफगाणिस्तानच्या सुक्या अंजिराची माळ असतेच, पण ताज्या अंजिराची गोष्ट निराळी. ते पिकल्यावर एक-दोन दिवसही टिकत नाही, म्हणून यवतमाळच्या बाजारात ते क्वचितच दिसते.

ऑक्टोबर निसटला आणि झाड थंडीत झोपलेच, तर घाई करू नये. फेब्रुवारीत पूर्ण वेगाने उठवलेल्या झाडाची फळे जूनमध्ये पावसात सापडतात आणि वाया जातात. अशा झाडाकडून त्या वर्षी फळाची अपेक्षा न ठेवता अंगाने वाढू द्यावे. पळस फुलू लागले की आळे हलके खुरपून एकदाच मुरेल एवढे पाणी द्यावे आणि थांबावे. डोळे हिरवे होऊन उघडेपर्यंत दुसरे पाणी नाही. पाने तळहाताएवढी होईपर्यंत शेणखतही नाही, युरिया तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की दुपारची सावली आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी. तेव्हा खुशाल वजूचा पाट परत वळवा.

छाटणी झोपेतच करावी, तेव्हा चीक कमी गळतो. या चिकाला साधा समजू नका. तो हाताला लागून वर ऊन पडले तर कातडीवर चट्टे, फोड येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

छाटलेल्या काड्या मात्र चुलीत घालू नका. झोपलेली काडी म्हणजे पुरते झाड आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल या ठिकाणी साधारण ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरे सापडली, त्याचे वृत्त २००६ मध्ये आले. ती बी न धरणाऱ्या जातीची असल्यामुळे माणसाने ती काड्या लावूनच वाढवली असावीत, असे ती शोधणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. गव्हाच्या शेतीच्याही आधीची ही गोष्ट. इटालियन मजुरांनी आगबोटीतून नेल्या त्याही अशाच झोपलेल्या काड्या. पानांची फांदी इतका प्रवास करूच शकली नसती. उर्दूत लेखणीलाही क़लम म्हणतात आणि अशा काडीलाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची, वीतभर काडी घ्यावी. वरचा काप तिरपा, खालचा सरळ ठेवावा, म्हणजे उलटी लावली जात नाही. चीक वाळायला एक दिवस सावलीत ठेवून, भोके पाडलेल्या दुधाच्या पिशवीत रेती आणि माती निम्मी-निम्मी भरून दोन डोळे आत, बाकीचे बाहेर अशी ती खोचावी. पिशव्या कडुलिंबाच्या सावलीत ठेवाव्यात, माती ओलसर असावी, चिखल नको. पाने आधी फुटतात, मुळे मागाहून येतात. म्हणून पाने दिसली की काडी उपटून बघण्याचा मोह घरातल्या पोरांना होणारच, तेवढा सांभाळावा. दीड-दोन महिन्यांनी पिशवीच्या भोकातून पांढरी मुळे डोकावू लागली की रोप शेजारी द्यायला तयार झाले. देताना सोबत हेही सांगावे की पुढच्या जानेवारीत याची पाने गळतील.